राजाबाई टॉवर ऐकायचा कसा

मुंबईच्या राजाबाई टॉवरपाशी आलेला माणूस मान वर करतो, फोटो काढतो आणि चालू लागतो. पाव तास थांबायला फारसं कुणी तयार नसतं. पण १८७८ साली पुऱ्या झालेल्या या टॉवरच्या पोटात नुसतं घड्याळ नव्हतं, तर १६ घंटांचं एक अख्खं वाद्य होतं. एकूण १६ सुरावटी वाजवण्याची त्यात सोय होती आणि दिवसातून चार वेळा सुरावट बदलायची. ‘रूल ब्रिटानिया’ आणि ‘होम स्वीट होम’ या त्यांतल्याच. आज पाव तासाला जो घंटानाद कानी येतो, तो त्या मोठ्या वाद्याचा उरलेला छोटा भाग आहे. तेवढाही नीट ऐकायचा असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात: वर काय चाललं आहे, आणि खाली कुठे, कधी उभं राहायचं.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी तो लंडनमध्ये बसून केला, भारतात ते कधी आलेच नाहीत. पायाभरणी १८६९ साली झाली. कापसाच्या तेजीतले मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी २ लाख रुपये दिले आणि टॉवरला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव मागितलं. राजाबाई जैन होत्या, त्यांची दृष्टी गेलेली होती आणि सूर्यास्ताआधी जेवण उरकायची वेळ त्यांना या घंटेवरून कळायची, असं सांगतात. उंची ८५ मीटर, दगड कुर्ल्याचा पिवळसर. २०१३ ते २०१५ या काळात टॉवरची आणि शेजारच्या ग्रंथालयाची मोठी डागडुजी झाली, तिला २०१८ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ओव्हल मैदानाभोवतीचा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे घंटांकडे.

घंटा किती आणि त्या वाजतात कशा

सुरात लावलेल्या घंटांच्या मनोऱ्याला युरोपात कॅरिलॉन म्हणतात. त्यासाठी किमान २३ घंटा लागतात, कारण तेवढ्यांत सगळे कोमल-तीव्र स्वर धरून साधारण दोन सप्तकं भरतात. त्याहून कमी घंटा असतील तर त्या संचाला चाइम म्हणतात. म्हणून आपला राजाबाई १६ घंटांचा चाइम ठरतो. बर्लिनच्या टियरगार्टन बागेतल्या कॅरिलॉनमध्ये ६८ घंटा आहेत. इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या क्वीन्स पार्कमध्ये १९२३ साली उभा राहिलेला ४७ घंटांचा मनोरा पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचं स्मारक आहे. अशा ठिकाणी वादक वर चढून लाकडी दांड्यांच्या पट्टीवर मुठींनी आघात करतो, जाड सुरांसाठी पाय वापरतो. प्रत्येक दांडी तारेने एकेका घंटेच्या आतल्या जिभेला जोडलेली असते. दांडी हळू दाबली तर सूर हलका लागतो, जोरात दाबली तर भरदार.

कॅरिलॉन असो की चाइम, दोन्हींत घंटा जागची हलत नाही. ती तुळईला पक्की बोल्ट केलेली असते आणि हातोडा किंवा जीभ तिच्यावर येऊन आदळते. देवळात आपण घंटेची जीभ हलवतो, तोच हा प्रकार. याउलट कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये किंवा पुण्याच्या पंचहौद चर्चमध्ये ८-८ घंटांचा जो संच आहे, त्या पद्धतीत दोर ओढून अख्खी घंटाच फिरवतात. तिथे एकेका घंटेला एकेक माणूस लागतो आणि सुरावट वाजवण्याऐवजी घंटांचे क्रम बदलत नेतात.

राजाबाईसारख्या मनोऱ्यात वादकाचं काम यंत्र करतं. एक मोठा आडवा ड्रम असतो, त्यावर ठरलेल्या जागी खुंट्या बसवलेल्या असतात. ड्रम सावकाश फिरतो, खुंटी एका तरफेला उचलते, तरफ तारेने वरच्या हातोड्याला मागे ओढते. खुंटी पुढे सरकली की तरफ सुटते आणि हातोडा आपल्या वजनाने घंटेवर पडतो. म्हणजे सूर वाजतो तो खुंटी लागते तेव्हा नाही, ती सुटते तेव्हा. खुंट्या बसवणाऱ्याला हा हिशेब सांभाळावा लागतो. जड घंटेचा हातोडा मोठा आणि त्याचा प्रवास लांब, म्हणून त्याची खुंटी किंचित आधी सुटायला हवी. नाहीतर जाड सूर नेहमी मागे रेंगाळतात.

सुरावट बदलायची तर ड्रम बाजूला थोडासा सरकवतात. मग तरफांच्या समोर खुंट्यांची दुसरी रांग येते. दिवसातून चार वेळा सुरावट बदलणारं यंत्र साधारण याच तत्त्वावर चालतं, त्याला माणसाची गरज पडते ती किल्ली द्यायला आणि तेल घालायला.

एका टोल्यात पाच स्वर

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला इथे सगळ्यात जास्त सापडेल, म्हणून जरा थांबून पाहू.

तानपुऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूर निघतात. त्यातल्या पाचपटीमुळे जुळलेल्या तानपुऱ्यातून शुद्ध गंधार, म्हणजे साधा ग, आपोआप ऐकू येतो. घंटेचं गणित वेगळं आहे. ती तार नाही, वाकवलेलं जाड कवच आहे, त्यामुळे तिच्यातले सूर अशा सरळ पटीत येत नाहीत. घंटेचा आकार शतकानुशतकं सुधारत नेल्यावर ओतारी एका ठरावीक जुळणीला येऊन पोचले. समजा एका घंटेचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला १०० कंपनांचा आहे. तर चांगल्या सुरावलेल्या घंटेत पुढचे मुख्य सूर २००, २४०, ३०० आणि ४०० वर सापडतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मंद्र षड्ज (खालचा सा), मध्य षड्ज (मधला सा), कोमल गंधार (उतरलेला ग), पंचम (प) आणि तार षड्ज (वरचा सा).

कोमल गंधार! घंटेचा नाद उत्सवातही थोडा उदास का वाटतो, याचं मोठं कारण हे. सुरावट शुद्ध गंधाराची असली, तरी प्रत्येक टोल्यातून त्या त्या घंटेचा कोमल गंधार डोकावत राहतो. म्हणूनच घंटांसाठी सुरावट बसवताना जाणकार माणूस एकाच वेळी फार घंटा वाजवत नाही. खालच्या पट्टीत दोन घंटा जवळजवळ वाजवल्या की त्यांचे गंधार-पंचम एकमेकांत घुसतात आणि नुसता गोंगाट उरतो.

आणखी एक नवल आहे. टोला पडताक्षणी आपण ‘हा या घंटेचा सूर’ म्हणून जो ओळखतो, तो बराचसा आपला कान तयार करतो. वरच्या उदाहरणात ४०० च्या वर साधारण ६०० आणि ८०० चेही सूर असतात. तिन्हींमधलं अंतर २०० चं असल्यामुळे कानाला २०० चा सूर ऐकू येतो. तिथला प्रत्यक्ष सूर थोडा उतरलेला असला तरीसुद्धा.

हे सूर एकाच वेळी विझत नाहीत. वरचे झटकन जातात, सर्वांत खालचा गुंजारव सर्वांत शेवटी. तासाचे टोले संपल्यावर शेवटच्या टोल्यामागे कान ठेवा. आधी धातूचा खणखणाट, मग ओळखीचा सूर, मग कोमल गंधार मंदावत जातो आणि शेवटी खर्ज उरतो. गाड्यांचा आवाज नसेल तर हा क्रम कुठल्याही शिक्षणाशिवाय कळतो.

धातू म्हणजे कासं: साधारण ७८ ते ८० टक्के तांबं, बाकी कथील. कथील कमी पडलं तर नाद बोदा येतो. जास्त झालं तर घंटा काचेसारखी ठिसूळ होते. घंटा मुद्दाम थोडी जाड ओततात, मग उलटी करून मोठ्या लेथवर बसवतात आणि आतल्या बाजूने धातू खरवडतात. कुठल्या उंचीवर खरवडलं यावर कुठला सूर उतरेल ते ठरतं. हे काम फक्त एका दिशेने चालतं. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. जास्त निघाला तर घंटा वितळवून पुन्हा ओतायची.

पाचही सूर असे एकेक करून जुळवण्याची पद्धत सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या हेमोनी बंधूंना साधली होती. नंतर ती मागे पडली आणि इंग्लंडमध्ये १८९६ च्या सुमारास पुन्हा रूढ झाली. राजाबाई टॉवर त्याच्या १८ वर्षं आधीचा. त्या काळच्या इंग्रजी घंटांमध्ये खालचा गुंजारव बहुधा चढा असे आणि मधला षड्ज उतरलेला. त्यामुळे व्हिक्टोरियन घंटांचा नाद आजच्या घंटांपेक्षा खरखरीत, थोडा तिखट लागतो. तो दोष म्हणून मोडीत काढू नये. एका काळाचा कान कसा होता याचा तो जिवंत पुरावा आहे आणि दुरुस्तीच्या नावाखाली अशा घंटा नव्याने खरवडणं म्हणजे तो पुरावा पुसणं.

घंटेचं वजन इतकं प्रचंड का, याचंही उत्तर साधं आहे. आकार तोच ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर व्यास दुप्पट करावा लागतो आणि वजन आठपट होतं. दोन सप्तकं खाली गेलात की ६४ पट. मनोऱ्याच्या भिंती एवढ्या जाड बांधण्यामागे हेही एक कारण असतं.

टोल्यांचा हिशेब

मोठ्या घड्याळात चाकांच्या तीन साखळ्या असतात. पहिली काटे फिरवते, दुसरी पाव तासाची सुरावट वाजवते, तिसरी तासाचे टोले देते. तिन्हींना वेगवेगळी वजनं ओढतात. पहिली साखळी दर १५ मिनिटांनी दुसरीचा अडसर काढते आणि पूर्ण तासाला दुसरी आपलं काम संपवून तिसरीला मोकळं करते. वाजवणाऱ्या साखळ्या सुसाट सुटू नयेत म्हणून शेवटी एक पंखा लावलेला असतो. हवेच्या रोधाने तो गती बांधून ठेवतो.

पाव तासाच्या सुरावटींत जगभर सर्वांत पसरलेली सुरावट लंडनच्या बिग बेनमुळे प्रसिद्ध झाली, पण मुळात ती १७९३ साली केंब्रिजच्या एका चर्चसाठी केलेली होती. तिचा नियम पाठ करून ठेवा, कारण असंख्य घड्याळं तो पाळतात: पावला ४ सूर, अर्ध्याला ८, पाऊणला १२, पूर्ण तासाला १६ आणि त्यानंतर तासाचे टोले. वेळ लावायची ती पहिल्या टोल्यावर, आधीच्या सुरावटीवर नाही. टोले दिवसभरात १५६ पडतात.

आवाजाला यायला वेळ लागतो हेही ध्यानात ठेवा. मुंबईच्या हवेत तो सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. घंटांपासून २०० मीटरवर उभे असाल तर टोला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त उशिरा पोचतो.

लंबकाची लांबी त्याची चाल ठरवते. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला २ सेकंद घेणारा लंबक सुमारे ४ मीटरचा असतो. उन्हाने पोलाद वाढतं. तापमान १० अंशांनी चढलं तर साध्या पोलादी दांडीचं घड्याळ दिवसाला सुमारे ५ सेकंद मागे पडतं. म्हणून चांगल्या घड्याळात दोन धातू जोडून ही वाढ आपसांत फेडून घेतात. बारीक फरकासाठी बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवतात. एक नाणं ठेवलं की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं.

बिघाड कानाने ओळखा

सुरावटीतला एकच सूर प्रत्येक वेळी गायब असेल तर त्या घंटेची तार तुटली आहे किंवा हातोडा बिजागरीत अडकला आहे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे नेहमीचं. काशावर हिरवट थर चढतो, त्याने नादाला फारसं काही होत नाही. गंजतात त्या पोलादी तारा, पिना आणि स्प्रिंगा.

टोला ‘टण्ण’ न येता ‘ठप्प’ आला तर हातोडा आपटून घंटेलाच चिकटून राहतो आहे. त्याला लगेच मागे खेचणारी स्प्रिंग थकली की असं होतं. हातोडा विसाव्याला काठापासून थोडासा सुटा हवाच, नाहीतर तो स्वतःच नाद दाबतो. नादात झिणझिण्या असतील तर बोल्ट ढिला असेल किंवा, वाईट म्हणजे, घंटेला तडा गेला असेल. १३.७ टनांची बिग बेन घंटा १८५९ साली वाजू लागल्यावर दोनच महिन्यांत तडकली, हातोडा गरजेपेक्षा फार जड होता म्हणून. शेवटी घंटा एक अष्टमांश फिरवली, म्हणजे मार वेगळ्या जागी पडेल असं केलं, आणि हलका हातोडा बसवला. तडा अजून तसाच आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं मार बसून काठ चपटा झाला, तरी घंटा फिरवून घेणं हाच उपाय.

सुरावट संथ होत गेली तर वंगण घट्ट झालं आहे. काटे पाऊण दाखवतात आणि घंटा पावची वाजते, असं जुन्या पद्धतीच्या घड्याळात घडतं. त्यात खाचांचं एक चाक नुसतं पुढचा नंबर लावत जातं, काटे कुठे आहेत ते त्याला कळत नाही. कुणी काटे हाताने पुढे सरकवले की हिशेब चुकतो आणि सुरावट जुळेपर्यंत ती पुन्हापुन्हा सोडावी लागते. चार बाजूंच्या तबकड्या वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर बहुधा लांब मिनिटकाटा वाऱ्याने किंवा कबुतरांच्या भाराने घसरलेला असतो.

जायचं कधी, थांबायचं कुठे

चर्चगेट स्टेशनातून चालत दहा मिनिटांच्या आत ओव्हल येतं. मेट्रो ३ ने आलात तर चर्चगेट आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्थानकं जवळची. टॉवर विद्यापीठाच्या फोर्ट आवारात, मैदानाच्या पूर्वेला, मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. वर चढायला सर्वसामान्यांना पूर्वीच बंदी झाली, तिथून लोकांनी जीव दिल्यामुळे. आवारात जायचं तर दारावर रीतसर विचारून, परवानगी असेल तरच. ऐकण्यासाठी मात्र आत जायची गरजच नाही.

बुंध्याशी उभं राहू नका. घंटांचा नाद वरच्या उघड्या कमानींतून आडवा बाहेर पडतो, पायथ्याशी तो भिंतींवर आपटून तुकड्यातुकड्यांनी येतो. मनोऱ्याच्या उंचीएवढं किंवा त्याहून थोडं जास्त अंतर चांगलं, म्हणजे इथे १०० ते १५० मीटर. ओव्हलमधून आडवी जाणारी पायवाट त्यासाठी उत्तम, फक्त दोन्ही बाजूंच्या क्रिकेटच्या चेंडूंवर लक्ष असू द्या. पार पश्चिमेला, आर्ट डेको इमारतींपाशी गेलात तर महर्षी कर्वे मार्गाच्या गाड्या सगळं गिळतात.

वेळ निवडा रविवारची पहाट. रस्ते रिकामे असतात हे एक कारण, वारा हे दुसरं. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे ओव्हलवरून टॉवरकडे वाहतो. नाद त्याच्याविरुद्ध यायला लागला की वरच्या वर उचलला जातो. पहाटे वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे असतो, शिवाय जमिनीलगतची थंड हवा नादाला खाली वळवते. थंडीच्या दिवसांत हे सर्वांत ठळक जाणवतं. सात वाजता सुरावट आणि सात टोले हवे असतील तर पावणेसातला पोचा, म्हणजे पाऊणची सुरावटही पदरात पडेल. टोले कमीत कमी सातच असलेले बरे, तीन-चार टोल्यांत कान तयार होत नाही. फोटोही हवा असेल तर दुपार उलटल्यावर पुन्हा या, कारण मैदानाकडचा पश्चिम दर्शनी भाग तेव्हा उजळतो. १६ अधिक ८ अशा २४ पुतळ्यांत पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं कोरली आहेत, ती बघायला दुर्बीण ठेवा.

एकच मोठी घंटा जवळून ऐकायची असेल तर नाशिकला नारोशंकराच्या देवळात किंवा भीमाशंकरला जा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या, त्यांतल्या या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. आकार युरोपीय असल्यामुळे वर सांगितलेला सुरांचा क्रम यांतही शोधता येतो आणि कान सरावला की राजाबाईचे दूरचे टोलेही उकलू लागतात.

फोनवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी सोय बंद करा. ती गुंजारवालाच गोंगाट समजून कापते. फोन हातात न धरता पिशवीवर टेकवून ठेवा आणि शेवटच्या टोल्यानंतर निदान वीस सेकंद बटणाला हात लावू नका. घरी ऐकताना हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरला खालचा सूर पेलत नाही. मग कंपनसंख्या दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये तोच तुकडा टाका. सर्वांत खालच्या उंचवट्याला १ माना आणि पुढचे २, २.४, ३ आणि ४ च्या किती जवळ आहेत ते मोजा. व्हिक्टोरियन घंटेत पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर दुपटीपेक्षा कमी निघालं तर मोजणी चुकली असं समजू नका.